दयासन

१

ताईला बसलेलं बघायचं असेल तर तिचा फोटो काढून बघा, असं आमचे नातेवाईक म्हणत. तेही खरं नव्हतं. आमच्या दोघांचा एक जुना फोटो आहे. त्यात मी खुर्चीवर बसलोय, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि ताई शेजारी उभी आहे, एक हात माझ्या खांद्यावर. प्रेमाने ठेवला होतास का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "छे, तू उठून पळू नयेस म्हणून."

आई लवकर गेली. मला ताईने वाढवलं आणि त्या नादात तिचं स्वतःचं बरंच काही राहून गेलं, पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग करायची. ते काम उभ्याने करायचं असतं: लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर, हातात जड कात्री. बाकीच्या बायका मशीनवर बसून शिवत, ताई त्यांच्यामध्ये उभी. सगळे तिला मास्तर म्हणत. कारखाना सुटला तरी उभं राहायची खोड सुटली नाही. जेवायचं उभ्याने, कपड्यांच्या घड्या उभ्याने, टीव्ही बघायचा तो दाराच्या चौकटीला टेकून. "बस की गं जरा," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "एवढं संपलं की बसते."

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. कोणी शिकवलं नाही. ताईच्या कारखान्यातली मोडीत काढलेली मशीनं घरी आणून उघडत बसायचो, त्यातून जमलं. या कामात डोळ्यांपेक्षा कानाला किंमत जास्त. गिऱ्हाईक आपल्याला वाटतं ते सांगतं, मशीन झालं असेल ते सांगतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं बहुतेक सगळं मी ऐकलेलं आहे. पाहिलेलं फार थोडं.

त्या वर्षी ताईच्या पायांवर सूज यायला लागली. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि भिंतीचा रंग बघत असल्याचं सोंग करायची. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय थकलंय. औषधं देतो, पण त्यांना बसवा."

"तुम्हीच बसवून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी वळून पाहिलं. तपासायच्या टेबलावरून उतरून ताई भिंतीशी उभी होती, पर्स छातीशी धरून.

२

आमच्या चर्चचे पाळक तरुण आहेत आणि त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असतं. त्या वर्षी गुड फ्रायडेसाठी त्यांना चर्चच्या हॉलमध्ये निवासमंडप उभा करायचा होता. प्राचीन इब्री लोक वाळवंटातून प्रवास करताना देवासाठी जो तंबू बरोबर नेत, तो निवासमंडप. अंगणात बळी देण्याची वेदी आणि हातपाय धुवायचं गंगाळ. आत एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला भाकरीचं मेज, समोर धुपाची वेदी. त्याच्याही आत, जाड पडद्यामागे, परमपवित्रस्थान. तिथे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी असे, आणि वर्षातून एकाच दिवशी एकटा प्रमुख याजक तिथे जाई. त्या पडद्याला शास्त्रात अंतरपट म्हणतात. पुढे दगडी मंदिर झालं तेव्हा त्यातही तसाच पडदा होता, आणि येशूचा क्रूसावर प्राण गेला त्या दुपारी तो वरपासून खालपर्यंत फाटला.

"हे मुलांना नुसतं सांगून कळत नाही," पाळक म्हणाले. "त्यांना आतून चालत जाऊ दे. आणि शुक्रवारी दुपारी पडदा खरोखर फाडायचा."

त्यांनी हॉलच्या फरशीवर खडूने जागा आखल्या. वेदी इथे, गंगाळ इथे, दिवा आणि मेज समोरासमोर, कोश टोकाला. मग त्या जागा रेघांनी जोडल्या. ताई कंबरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "हा तर सदरा झाला. बाह्या पसरून जमिनीवर टाकलेला."

पाळक मागे सरकले आणि त्यांनी मान तिरपी केली. "क्रूस आहे हो मास्तर."

"असेल. पण आत माणूस असल्याशिवाय बाह्या अशा पसरत नाहीत."

रविवारच्या उपदेशात पाळकांनी ते वाक्य वापरलं, ताईचं नाव न घेता. ताई आठवडाभर त्यांना "चोर" म्हणत होती.

पडद्याचं काम साहजिकच तिच्याकडे आलं. निळा, जांभळा, किरमिजी असे तीन रंग, आणि त्यावर भरतकामात दोन करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत. दोघांचे पंख मध्यभागी टोकाला टोक लावून भिडलेले. पाळकांनी सुचवलं की दोन तुकडे करून मध्ये कच्चा टाका घालू, ओढला की सुटेल.

"जोडलेलं उसवतं. फाटत नाही," ताई म्हणाली. "अख्खं कापड आणा."

"पण मास्तर, एवढं भरतकाम करून शेवटी फाडायचंच ना?"

"म्हणूनच नीट करायचं. भिकार काम फाटलं तर कोणाला काय वाटणार आहे?"

३

लाकूडकाम सुताराला दिलं होतं. त्याने वेदी, मेज, कोश सगळं वेळेत आणून टाकलं आणि शेवटी हातगाडीवरून, चादरीत गुंडाळून, दयासन आणलं. चादर काढली आणि आम्ही चौघेही बघत राहिलो. चौथ्या म्हणजे हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशी.

ती खुर्ची होती. उंच पाठीची, रुंद, दोन्ही हातांवर एकेक पंखवालं मूल कोरलेलं.

"हे काय आहे?" पाळकांनी विचारलं.

"दयासन. तुम्हीच म्हणालात ना फोनवर? मध्ये दयासन, दोन बाजूंना पंखवाली मुलं, समोरासमोर."

"अहो, दयासन म्हणजे कोशाचं झाकण!"

सुताराने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "झाकणाला आसन कोण म्हणतं?"

ताई इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. शास्त्रात शब्द तोच आहे, पण त्यावर बसत कोणी नसे, पाळक म्हणाले. मग म्हणाले, अख्ख्या मंडपात बसायला काहीच नाही. दिवा आहे, मेज आहे, पण खुर्ची, बाक, चौरंग काही नाही. याजकाला बसायची सोयच नव्हती, कारण त्याचं काम कधी संपायचं नाही. आज बळी, उद्या परत बळी. येशूने मात्र ते काम एकदाच केलं, पुरं केलं, आणि मग तो बसला.

"उभ्या उभ्या जेवत असतील बिचारे," ताई म्हणाली. "माझ्याच जातीचे."

सुताराला खुर्चीची चेष्टा झालेली आवडली नव्हती. "एक खिळा नाही यात. सगळं सांध्यात सांधा बसवून. बसून बघा."

ताई बसणार नाही हे माहीत असल्यामुळे मी बसलो. खुर्ची बोलली. "नवं लाकूड आहे, काही दिवस बोलेल," तो म्हणाला. माझा कान तेवढ्यात कामाला लागलाच होता. बसताना लांब, खालच्या पट्टीतली कुरकुर. उठताना छोटा, वरचा आवाज, कोणीतरी सुस्कारा सोडावा तसा. दोन्ही अगदी वेगळे. एकदा ऐकले की चुकायचे नाहीत.

सुताराने झाकण दुसरं करून दिलं. खुर्ची आम्ही जिन्याखालच्या खोलीत, जादा बाकांच्या मागे सरकवली.

४

ताईची काम करायची एक पद्धत होती. कापड टांगल्यावरच खरं बोलतं, असं ती म्हणे. मेजावर पसरून भरलं की टांगल्यावर ओढ बदलते, चेहरे वाकडे होतात. म्हणून पडदा आधी तुळईला टांगला आणि मग भरायला घेतला. जमिनीपासून चार बोटं वर, कड मळू नये म्हणून. पाळक म्हणाले, मुलं खालून डोकावतील. ताई म्हणाली, डोकावू देत की.

टांगलेल्या कापडावर एकट्याला भरता येत नाही. मध्यभागी हात पोचत नाही. एक जण पुढून सुई घालतो, दुसऱ्याने मागून ती घेऊन परत टोचायची. लहानपणी ताई शेजारपाजारच्या रजया टाचायची, तेव्हा मागचा माणूस मी असायचो. आताही दुपारी दुकानाचं दार ओढून घ्यायचं, थर्मासमध्ये चहा घ्यायचा आणि हॉलमध्ये जायचं. ती पुढे, मी मागे, मध्ये कापड. तोंड दिसत नसलं की माणसं जास्त बोलतात. आईचा आवाज कसा होता ते मला त्या पडद्याआडून कळलं. ताई नक्कल करायची.

"डावीकडे दे रे, बारक्या. अजून. हं."

मी तेव्हाच पन्नाशी ओलांडली होती आणि माझं पोट टेबलाच्या कडेला लागायचं. पण ती मला बारक्याच म्हणायची.

एका दुपारी मी मागे गेलो तर तिथे ती खुर्ची होती, पडद्याकडे तोंड करून.

"बरं झालं खुर्ची आणलीस," मी म्हणालो.

"मी कुठे आणली? तूच आणली असशील. आता उभं राहवत नसेल साहेबांना."

मला वाटलं मावशींनी आणली. मी तिच्यावर बसून काम केलं आणि जाताना जिन्याखाली ठेवून आलो. दुसऱ्या दुपारी ती परत तिथेच. मावशींना विचारलं. "ते धूड मी उचलू? माझी कंबर बघा आधी," त्या म्हणाल्या. पाळकांनी तर हात जोडले. मी रोज खुर्ची उचलून ठेवायचो, रोज ती पडद्यामागे असायची. चिडण्यापलीकडे मी त्यावर फारसा विचार केला नाही. हॉलला तीन दारं आहेत आणि किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते देवालाच ठाऊक.

५

मग एका कारखान्याची बरीच मशीनं एकदम बंद पडली आणि मला दुपारची उसंत मिळेना. ताईला सांगितलं, मी नाही तोवर कडेकडेचं भर. मध्ये हात घालू नकोस.

काही दिवसांनी उन्हं उतरायच्या सुमाराला हॉलवर गेलो. ताईची पाठ माझ्याकडे होती. तिला हाक मारणार होतो, पण थांबलो. ती पडद्याच्या बरोबर मध्यभागी काम करत होती. डावीकडचा करूब जवळजवळ पुरा झाला होता, पंखाचं पीस न् पीस.

तिने सुई कापडात घातली. सुई आत गेली. मग तिने दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि वाट पाहिली. जरा वेळाने सुईचं टोक कापडातून अलीकडे आलं. ताई म्हणाली, "हं," आणि तिने सुई ओढून घेतली.

ती नेहमी मला म्हणायची तसंच "हं".

पाळक असतील, नाहीतर मावशी. मी पाय न वाजवता पडद्याच्या कडेने मागे गेलो. मागे फक्त खुर्ची होती. त्या बाजूला दुसरं दार नाही, खिडकी आहे ती उंच आणि गजांची. मी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. कोणी नुकतंच उठून गेलेल्या जागेला असते तशी ऊब होती.

तेवढ्यात माझ्या समोर, डोळ्यांच्या रेषेत, कापडातून सुईचं टोक बाहेर आलं आणि थांबलं.

"काय झालं?" ताईचा आवाज आला, अगदी रोजचा. "दमलात का?"

मला ती कधीही "दमलात" म्हणाली नसती. मी सुई घेतली आणि परत टोचली.

"आई गं! बारक्या, तू आहेस होय," ती म्हणाली. "टोचलीस की रे."

त्या संध्याकाळी घरी मी कापडाचा एक तुकडा ताणून बांधला आणि त्यात सुई अर्धी घालून बघत बसलो. ताणलेलं कापड सुई परत ढकलतं का ते बघायचं होतं. ढकलत नाही.

६

आता मला हिशेब लागत होता आणि तो लागू नये असं वाटत होतं. ताईचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत होता आणि पडदा दिवसेंदिवस पुरा होत होता. संपलं की बसते, असं ती जन्मभर म्हणत आली. आणि बसायची जागा कोणीतरी मांडून ठेवत होतं.

मी पडद्याच्या पुढे, ताईच्या शेजारी उभा राहून कान दिला. भर दुपारी, बाहेर रस्त्यावर गाड्या, मावशींच्या बादलीचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या खालून ती लांब कुरकुर. बसल्याची. दुपार कलेपर्यंत मी उठल्याच्या आवाजाची वाट पाहिली. आला नाही. उन्हाने लाकूड तडतडतं, हे मी स्वतःला समजावलं. पण लाकूड तडतडतं ते कसंही, कुठूनही. त्याला बसणं आणि उठणं यातला फरक कळत नाही.

मी खुर्ची दुकानात नेली आणि सांधे सोडवून तिचे भाग केले. सुताराचं काम चोख होतं, त्यामुळे भागही चोख सुटले. पोत्यात भरले आणि पोत्याचं तोंड घट्ट बांधलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पडद्यामागे उभी होती. मी धावत दुकानात आलो. पोतं बांधलेलंच होतं, गाठ माझीच, आणि पोतं रिकामं.

परत हॉलवर जाऊन मी खुर्ची नीट पाहिली. या वेळी तिच्यात खिळे होते. खुर्चीच्या दोन्ही हातांत एकेक. आणि खाली, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात, तिथे एक. जाड, चौकोनी डोक्याचे, हाताने घडवलेले.

सुताराला बोलावून आणलं. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने खिळ्यावरून अंगठा फिरवला. "असला खिळा मी बापजन्मात पाहिला नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि एवढा जाड ठोकला तर लाकूड फुटायला हवं. फुटलं नाही बघा. जणू लाकडानेच घेतलाय." मग उठला, हात झटकले, आणि पैसे पुढच्या वेळी द्या म्हणून निघून गेला. पैसे तर त्याला कधीच देऊन झाले होते.

७

मला एकच उपाय सुचला. खुर्ची पुन्हा दुकानात आणली आणि तिच्यावर मीच बसलो. मी बसलेला असताना तरी ती कुठे जाणार नव्हती. सकाळपासून बसून काम केलं. इतकी आरामाची खुर्ची मी कधी पाहिली नाही. पाठीला जिथे आधार हवा तिथे आधार होता, हात ठेवला की हाताखाली लहान मुलाचं लाकडी डोकं. खांदे आपोआप सैल पडायचे. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुपारी मावशी दारात आल्या, पदराने कपाळ पुसत. "चला लवकर. मास्तर कशातरीच दिसतायत."

ताई हॉलमध्ये खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ओठ निळसर. बाक मांडायला मावशींना तिने बजावून मनाई केली होती, मांडणी बिघडेल म्हणून. मी तिला कवेत घेतलं. तिचं वजन काहीच नव्हतं. लहानपणी तापात ती मला असं धरून उभी राहायची.

"इथली खुर्ची कुठे नेलीस रे?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"सुई परत येते म्हणजे पलीकडे कोणीतरी असणारच ना."

"कोण आहे ते विचारलंस?"

"काम करणाऱ्या माणसाला मध्येच काय विचारायचं?" तिने दम घेतला. "पहिल्या दिवशी घाबरले. मग लक्षात आलं, एकदाही टोचलेली नाही. तू दर रजईला टोचायचास."

मी म्हणालो, "ताई, हे पुरं करू नकोस."

"म्हणजे? परवा शुक्रवार आहे."

"असू दे. पाळकांना मी सांगतो. थोडंसं राहू दे बाकी."

"का?"

ती माझ्या खांद्याला टेकून होती, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. मी म्हणालो, "संपलं की तू बसशील."

तिचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"जन्मभर माझ्या डोक्याशी कटकट, बस गं, बस गं. आणि आता बसते म्हणते तर खुर्ची पळवतोस?"

ती तशीच लटपटत पडद्यापाशी गेली आणि तिने सुई हातात घेतली. पाय थरथरत होते. मी तिला उभं ठेवत होतो. माझ्यासाठी, हे तेव्हा मला कळलं.

खुर्ची आणायला मी स्वतः गेलो. डोक्यावर उलटी घेऊन रस्त्याने निघालो तर चहावाला ओरडला, "काय राजेसाहेब, सिंहासन घेऊन कुठे?" मी म्हणालो, "ताईला बसायचंय." त्याने हातातला कप खाली ठेवला.

८

गुरुवारी दुपारी आकाश भरून आलं आणि हॉलमध्ये दिवे लावावे लागले. दोन्ही पंखांची टोकं भिडायची तेवढी राहिली होती. मी मागे जायला निघालो तर ताई म्हणाली, "तू इथे थांब, माझ्याजवळ." मी तिच्या कोपराला आधार देऊन उभा राहिलो. सुई आत जायची, परत यायची. मी पलीकडे पाहिलं नाही. शेवटच्या टाक्याला तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला, आणि मागे सरून बघितलं. डावा करूब उजव्याकडे बघत होता.

"संपलं," ती म्हणाली.

पडद्याची कड धरून ती आत गेली. मी निघालो तर हाताने थांबवलं. "दमले रे. जरा बसते."

मी पडद्यापुढे उभा राहिलो. आधी उठल्याचा आवाज आला. छोटा, वरचा, सुस्काऱ्यासारखा.

मग ताईचा आवाज, पाहुण्यांशी बोलताना असायचा तसा, थोडा लाजलेला: "अहो असू दे, असू दे. तुम्ही कशाला उठताय?"

आणि मग लांब कुरकुर. बसल्याची.

मी वाकलो. पडदा जमिनीपासून चार बोटं वर होता. ताईच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या दिसल्या, आणि तिची सुजलेली पावलं, सैल पडलेली. त्यांच्यासमोर आणखी दोन पावलं होती. अनवाणी, धुळीने भरलेली, लांबून चालत आलेल्या माणसाची. प्रत्येक पावलावर, मधोमध, एक काळपट चीर. कड न शिवलेल्या काजासारखी. बटणाचं काज कापल्यावर आणि भरायच्या आधी असतं, तसं.

किती वेळ वाकून होतो सांगता येत नाही. मागे गेलो तेव्हा ताई एकटीच होती. डोकं एका पंखवाल्या मुलाकडे कललेलं, दोन्ही हात मांडीत. तिला बसलेली मी पहिल्यांदा इतकी नीट पाहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

९

पाळक म्हणाले, पडदा राहू दे, आठवण म्हणून. मी म्हणालो, तिला ते चालणार नाही. शुक्रवारी दुपारी शिडीवर मीच चढलो. कटिंगवाले कापड सरळ फाडायचं तर वरच्या कडेला कात्रीने एक चीर देतात, मग हाताने ओढलं की ते दोरा धरून खाली उतरतं. ताईच्या कात्रीने चीर दिली आणि ओढलं. पंखांच्या टोकांमधून, करूबांच्या मधून, एका लांब आवाजात पडदा खालच्या कडेपर्यंत गेला. पलीकडे कोश होता, त्यावर झाकण होतं, आणि शेजारी रिकामी खुर्ची.

खुर्ची आता दुकानात आहे, मागच्या भिंतीशी. सुताराने परत न्यायला नकार दिला. गिऱ्हाईक आलं की बसायला तिकडे वळतंच. मी म्हणतो, तिथे नको, तिथे बसलंय कोणीतरी. लोक हसतात, पण बसत नाहीत.

बसल्याचा आवाज मी ऐकला होता. उठल्याचा आला नव्हता. इतक्या वर्षांत कधीच नाही, आणि मी कान देऊन होतो. मलाही आताशा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, भिंतीचा रंग बघत.

आज दुपारी एका बाईंचं मशीन उघडून बसलो होतो. बसलो म्हणजे उभाच होतो, टेबलाशी. स्क्रू वाटीत काढून ठेवले होते. पाठीमागे छोटा, वरचा आवाज झाला. सुस्काऱ्यासारखा. मग पुन्हा शांत, जसं कोणीतरी उठून, खुर्चीची पाठ धरून, वाट बघत उभं आहे.

मी मागे वळलो नाही. बाईंना संध्याकाळी मशीन द्यायचं आहे.

"थांब की गं ताई," मी म्हणालो. "एवढं संपलं की बसतो."